परकीय पैसा की वर्गणी? लेगॉसच्या आंदोलनावरून ग्रुपवर झालेली चर्चा

कुलकर्णी काका (ए-३०४): (फॉरवर्ड) आज नेपाळ, काल बांगलादेश, आणि त्याच्याही आधी नायजेरिया! पॅटर्न ओळखा. नेता नाही, ऑफिस नाही, हातात मोबाईल आणि मागे परकीय पैसा. देश पेटवायचा आणि नामानिराळं व्हायचं. जागे व्हा, पुढे पाठवा.

शिंदे (सेक्रेटरी): सर्व सभासदांना कळविण्यात येते की उद्या ११ ते १ टाकी सफाई आहे. पाणी भरून ठेवावे.

मकरंद (बी-६०२): काका, बाकीच्या देशांचं राहू द्या, पण नायजेरियाचं नाव आलं म्हणून लिहितो. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये मी लेगॉसलाच होतो नोकरीला. परकीय पैशाचं जे आहे ते तर अगदीच उलटं आहे.

कुलकर्णी काका (ए-३०४): मग सांग की सविस्तर. रविवार आहे.

मकरंद (बी-६०२): तिथे पोलिसांचं एक दरोडेखोरविरोधी पथक होतं, सार्स. १९९२ मध्ये दरोडे आटोक्यात आणायला काढलं. पुढे पुढे ते साध्या वेशात नाक्यावर उभं राहून तरुण पोरांना अडवायला लागलं. केस वाढवलेत, टॅटू आहे, बॅगेत लॅपटॉप आहे, म्हणजे तू ऑनलाइन फसवणूक करणारा. चल गाडीत. मग एटीएमपर्यंत नेऊन पैसे काढायला लावायचे. आमच्या ड्रायव्हरचा मुलगा वेबसाइट बनवायचा. तो कामाला जाताना लॅपटॉप भाजीच्या पिशवीत घालून न्यायचा.

ज्योती वहिनी (बी-१०१): अरे देवा. आणि तक्रार कुणाकडे करायची?

मकरंद (बी-६०२): पोलिसांकडेच 😀 वहिनी, ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेने जानेवारी २०१७ ते मे २०२० या काळातली छळाची आणि बेकायदा हत्येची किमान ८२ प्रकरणं नोंदवली होती. सरकार दरवर्षी जाहीर करायचं की सार्समध्ये सुधारणा केली, सार्सवर बंदी घातली. २०१७, १८, १९, २०, दर वर्षी! पथक जागच्या जागी. ऑक्टोबर २०२० मध्ये डेल्टा राज्यातल्या उघेली गावचा एक व्हिडिओ फिरला, सार्सने एका तरुणाला मारल्याचा, आणि पोरं रस्त्यावर आली ती हटेचनात. ११ तारखेला पोलीसप्रमुखांनी पथक बरखास्त केलं आणि १३ ला त्याच जागी ‘स्वॅट’ नावाचं नवं पथक जाहीर केलं. दोन दिवसांत पाटी बदलली. कोण विश्वास ठेवणार?

तन्मय (सी-४०३): मकरंद काका, खरंच नेता नव्हता? मग ठरवायचं कोण?

मकरंद (बी-६०२): नेता मुद्दामच ठेवला नव्हता. तिथल्या लोकांना अनुभव आहे, नेता असला की एक तर त्याला उचलतात, नाही तर बंगल्यावर चहाला बोलावतात. आणि चहाला गेलेला माणूस परत येतो तेव्हा त्याची भाषा बदललेली असते. म्हणून फक्त पाच मागण्या ठरल्या: अटक झालेल्यांना सोडा, मेलेल्यांच्या घरच्यांना न्याय आणि भरपाई द्या, चौकशीसाठी स्वतंत्र यंत्रणा नेमा, सार्सच्या माणसांची मानसिक तपासणी केल्याशिवाय त्यांना दुसरीकडे पोस्टिंग देऊ नका, आणि पोलिसांचे पगार वाढवा.

ज्योती वहिनी (बी-१०१): पोलिसांचे पगार??

मकरंद (बी-६०२): हो वहिनी. जे मारतायत त्यांचेच. मला सगळ्यात जास्त तेच आवडलं होतं.

कुलकर्णी काका (ए-३०४): मागण्या चांगल्या आहेत, मान्य. पण पैसा? लाखो लोकांचं जेवणखाण, गाड्या, वकील. हवेतून येतं का?

मकरंद (बी-६०२): गणपतीची वर्गणी कशी गोळा होते काका? तसाच. फेमिनिस्ट कोएलिशन नावाचा डझनभर तरुणींचा गट होता, त्याच वर्षी जुलैमध्ये सुरू झालेला. त्यांनी ऑनलाइन वर्गणी घेतली. साधारण १४ कोटी ७० लाख नायरा (तिथलं चलन) जमले. रुग्णवाहिका, वकिलांची हेल्पलाइन, जेवण, जखमींची बिलं. आणि किती आले, कुठे गेले, याचा हिशोब रोजच्या रोज ट्विटरवर. परदेशातल्या नायजेरियन लोकांनीही दिले, त्याला परकीय पैसा म्हणायचं असेल तर दुबईतल्या भाच्याने आपल्या मंडळाला दिलेले ५००० रुपयेही परकीयच.

शिंदे (सेक्रेटरी): आपल्या मंडळाचा हिशोब अजून यायचा आहे, याची नोंद घ्यावी.

कुलकर्णी काका (ए-३०४): शिंदे, तो विषय इथे नको.

मुग्धा (सी-७०१): मकरंद दादा, पुढचं सांग ना. त्यांची बँक खाती बंद केली होती ना? आम्हाला एका सेमिनारमध्ये हे होतं.

मकरंद (बी-६०२): हो. आधी वर्गणीची खाती बंद झाली, तर पोरींनी बिटकॉइनमध्ये घ्यायला सुरुवात केली. मग रिझर्व्ह बँकेसारखी जी त्यांची मध्यवर्ती बँक आहे, तिने २० खाती गोठवायला कोर्टात अर्ज केला. कारण काय दिलं माहितीये? दहशतवादाला पैसा पुरवल्याचा संशय. अर्ज २० ऑक्टोबरचा, कोर्टाचा आदेश ४ नोव्हेंबरचा, ९० दिवसांसाठी. पण खाती त्या आधीपासूनच चालत नव्हती.

कुलकर्णी काका (ए-३०४): एक मिनिट. मी ३४ वर्षं बँकेत काढली आहेत. आदेश नसताना खातं बंद? आमच्या वेळी मॅनेजरची नोकरी गेली असती. हे मात्र चूक आहे.

मुग्धा (सी-७०१): काका, नंतर फेब्रुवारी २०२१ मध्ये तो आदेश मागे घेतला गेला. म्हणजे दहशतवादाचं काही सिद्ध वगैरे झालं नाही. पण तोवर आंदोलन संपलेलंच होतं. काम झालं होतं. गंमत म्हणजे मध्यवर्ती बँकेच्या ज्या गव्हर्नरच्या काळात हे झालं, त्या गॉडविन एमेफिएले यांनाच जून २०२३ मध्ये निलंबित करून ताब्यात घेतलं, आणि मग त्यांचे वकील कोर्टात धावले, बेकायदा कोठडी म्हणून.

तन्मय (सी-४०३): 😂😂

ज्योती वहिनी (बी-१०१): आणि ते टोलनाक्याचं? तेव्हा बातम्यांमध्ये बघितल्यासारखं आठवतंय.

मकरंद (बी-६०२): लेक्की टोलनाका. २० ऑक्टोबर २०२०. नवरात्र चालू होतं. दुपारी अचानक कर्फ्यू जाहीर झाला, चार वाजल्यापासून. लेगॉसच्या ट्रॅफिकमध्ये चार वाजता घरी पोहोचणं म्हणजे अशक्यच, म्हणून नंतर वेळ वाढवली. टोलनाक्यावर पोरं बसून होती. झेंडे हातात, राष्ट्रगीत म्हणत होती, कारण त्यांचा समज होता की झेंडा हातात असलेल्यावर सैनिक गोळी चालवत नाही. संध्याकाळी दिवे गेले, सैन्य आलं आणि गोळीबार झाला. डीजे स्विच नावाच्या मुलीने ते इन्स्टाग्रामवर लाइव्ह दाखवलं. सैन्याने आधी ‘फेक न्यूज’ म्हणून शिक्के मारलेले फोटो टाकले. नंतर चौकशी समितीपुढे एका ब्रिगेडियरने सांगितलं की आम्ही होतो, पण कोरी काडतुसं झाडली. मग पुढे हेही कबूल केलं की खरी काडतुसंही जवळ होती. त्या मुलीला देश सोडून कॅनडाला जावं लागलं.

कुलकर्णी काका (ए-३०४): पण जाळपोळ झाली होती हे खरं ना? मी वाचलंय. कोर्ट जाळलं, बसेस जाळल्या.

मकरंद (बी-६०२): खरं आहे काका, लपवायचं कारण नाही. लेगॉसचं जुनं हायकोर्ट जळलं, बीआरटीच्या बसेस जळल्या, पोलीस चौक्या जळल्या. बेनिन सिटीत लेक्कीच्या आदल्याच दिवशी दोन तुरुंग फुटले आणि दोनेक हजार कैदी पळाले. लेगॉसमध्ये बरीचशी जाळपोळ गोळीबारानंतरची आहे, आणि त्या आधी काठ्या-कोयते घेतलेली टोळकी गाड्यांतून आणून मोर्च्यांवर सोडली जात होती त्याचे व्हिडिओ आहेत. पण पोलीसही मेले. राष्ट्राध्यक्ष बुहारी यांनीच आकडे दिले: ५१ नागरिक, ११ पोलीस, ७ सैनिक. २२ तारखेला ते टीव्हीवर देशाशी बोलले, त्यात लेक्कीचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता.

मुग्धा (सी-७०१): चौकशी समितीचं पण सांगायला हवं. निवृत्त न्यायाधीश डोरिस ओकुवोबी यांची समिती होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये अहवाल फुटला, त्यात लेक्कीत किमान ९ जण मेल्याचं होतं. राज्य सरकारने श्वेतपत्रिका काढून तेच नाकारलं. पुढे २०२३ मध्ये सरकारचंच एक पत्र बाहेर आलं, २०२० च्या त्या आंदोलनातल्या १०३ मृतदेहांच्या सामूहिक दफनासाठी ६ कोटी १२ लाख नायरा मंजूर केल्याचं. सरकार म्हणालं, हे लेक्कीचे नाहीत, शहरात इतरत्र सापडलेले आहेत.

ज्योती वहिनी (बी-१०१): १०३?? मग त्यांचं काय, ते कुणाची मुलंच नव्हती का?

मुग्धा (सी-७०१): पश्चिम आफ्रिकी देशांच्या सामाईक कोर्टाने जुलै २०२४ मध्ये निकाल दिला, मानवी हक्कांचं उल्लंघन झालं म्हणून. तीन अर्जदार बायका होत्या, डीजे स्विच त्यातली एक. प्रत्येकी २० लाख नायरा भरपाई. आपल्याकडचे साधारण लाखभर रुपये.

तन्मय (सी-४०३): मग आता शांत झालं सगळं?

मकरंद (बी-६०२): नाही रे. २०२१ च्या जूनमध्ये ट्विटरने बुहारींचं ट्विट काढून टाकलं म्हणून सरकारने ट्विटरच बंद केलं, सात महिने. कारण उघड होतं, सगळं आंदोलन तिथेच उभं राहिलं होतं. मग २०२३ मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष तिनुबू. शपथविधीच्याच भाषणात पेट्रोलची सबसिडी गेली म्हणून सांगितलं. लिटरला दोनशेच्या आत असलेलं पेट्रोल काही दिवसांत पाचशेवर. त्यात नायरा मोकळा सोडला, तो घसरतच गेला. २०२४ च्या जूनमध्ये महागाई ३४ टक्क्यांवर, अन्नधान्याची ४० च्या वर. ऑगस्टमध्ये पुन्हा पोरं रस्त्यावर, पण या वेळी जोर उत्तरेत, कानोसारख्या शहरांत. लॅपटॉपवाली नव्हेत, उपाशी पोटाची. ॲम्नेस्टीच्या म्हणण्याप्रमाणे किमान २४ जण मेले. आणि १ नोव्हेंबरला राजधानी अबुजाच्या कोर्टात ७६ जणांना उभं केलं, देशद्रोहाच्या आरोपाखाली. त्यात तिसेक अल्पवयीन होते. १४-१५ वर्षांची मुलं, ऑगस्टपासून कोठडीत. कोर्टात चार जण भोवळ येऊन पडले.

ज्योती वहिनी (बी-१०१): १४ वर्षांच्या मुलावर देशद्रोह. माझा नातू १४ चा आहे.

मुग्धा (सी-७०१): आणि तिथे देशद्रोहाला फाशी आहे वहिनी. पोलीसप्रमुख म्हणाले की मुलांचं पडणं हे ठरवून केलेलं नाटक होतं. जामीन किती ठेवला तर माणशी १ कोटी नायरा.

कुलकर्णी काका (ए-३०४): तिथला किमान पगार किती?

मकरंद (बी-६०२): तेव्हा ७० हजार नायरा महिना. तोही त्याच वर्षी वाढवलेला.

कुलकर्णी काका (ए-३०४): म्हणजे एक पैसा खर्च न करता साठवला तर जवळजवळ १२ वर्षं. जामीन म्हणून याला काही अर्थ नाही.

मकरंद (बी-६०२): बरोब्बर. जगभर आरडाओरडा झाला तेव्हा ४ नोव्हेंबरला तिनुबूंनी मुलांना सोडायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी खटला निकालात निघाला. काका, मला इतकंच म्हणायचं होतं की गोळीबार सगळ्यांना दिसतो, त्याचे व्हिडिओ होतात. पण पोरं खरी दमली ती कागदांनी. बँकेचं पत्र, कोर्टाची तारीख, न परवडणारा जामीन. मोर्चेकऱ्यांसाठी वकील जमवणाऱ्या एका वकीलबाईंचा पासपोर्ट विमानतळावर काढून घेतला, अटक नाही, काही नाही. माझ्या तिथल्या ऑफिसातली निम्मी तरुण मुलं आज कॅनडात नाही तर इंग्लंडमध्ये आहेत.

कुलकर्णी काका (ए-३०४): हे सगळं ठीक आहे. पण नेता नसेल तर सरकारने बोलायचं कुणाशी, हा माझा प्रश्न तसाच आहे. दोन आठवड्यांत सगळं विरलं ते त्यामुळेच. कुणीतरी टेबलावर बसायला हवं होतं.

तन्मय (सी-४०३): आजोबा, पण बसला असता तर त्याचंच खातं पहिलं बंद झालं असतं ना?

कुलकर्णी काका (ए-३०४): झालं असतं. तरी बसायला हवं होतं.

मकरंद (बी-६०२): यावर तिथेही अजून भांडतात काका. काहींनी नंतर तेच केलं, २०२३ च्या निवडणुकीत तिनुबूंच्या विरोधातले उमेदवार पीटर ओबी यांच्या मागे उभे राहिले. ओबी हरले, पण खुद्द तिनुबूंच्या लेगॉसमध्ये जास्त मतं ओबींना पडली.

मुग्धा (सी-७०१): आणि देशभरात मतदान जेमतेम २७ टक्के. ते पण लक्षात घ्या.

शिंदे (सेक्रेटरी): चर्चा चांगली आहे, पण हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. पुढचं कृपया ‘गप्पा’ ग्रुपवर.

ज्योती वहिनी (बी-१०१): मी त्या ग्रुपवर नाही, मला ॲड करा. आणि मकरंद, त्या ड्रायव्हरच्या मुलाचं पुढे काय झालं ते तिकडे सांग.