आजारी मैत्रिणीला उन्हाळा पाठवायचा कसा?

रिकामी_कुंडी

आधीच सांगते, लांबण लागणार आहे.

माझी मैत्रीण, आठवीपासूनची. तिच्यावर रक्ताच्या कर्करोगाचे उपचार चालू आहेत. केमोच्या दोन फेऱ्या झाल्या, तिसरी तोंडावर आली आहे. पांढऱ्या पेशी खाली गेल्या की तिच्या खोलीत घरातलं एकच माणूस जातं, तेही मास्क लावून. मी दारापर्यंत जाते, पिशवी ठेवते आणि परत येते. तिच्या खोलीला खिडकी आहे, पण समोर दुसऱ्या इमारतीची मागची भिंत आणि त्यावरून उतरणारे पाण्याचे पाइप. बस्स.

आम्हा दोघींचा उन्हाळा म्हणजे गुलमोहर. सुट्टीत कळ्या फोडायच्या, आतल्या केसरांची डोकी एकमेकांत अडकवून ओढायची, ज्याचं डोकं तुटलं तो हरला. कळीची जाड हिरवी सालं नखांवर चिकटवून बायकांसारखे हात हलवत फिरायचं. आणि चित्रं काढायची. ती चांगली काढायची. मीही काढायचे, पण माझं पुरं व्हायच्या आत तिची पेन्सिल माझ्या कागदावर आलेली असायची. "देठ असा निघत नाही गं." मला भयंकर राग यायचा.

तर या वर्षी बहावा फुलल्या दिवसापासून मी तिला फोटो पाठवायला लागले. सकाळी फिरायला गेले की पाच-सहा तरी. बहाव्याचे घोस, गुलमोहराखालचा लाल सडा, पानातून येणारं ऊन, एकदा चक्क मुंग्यांची रांग. खाली "बघ!!" आधी बदाम यायचे, मग अंगठा, मग नुसत्या निळ्या खुणा. फोन करावा तर तोंडात फोड आलेत, बोलताना दुखतं. मध्ये एकदा डबीत मूठभर मोगरा घालून नेला, तो तिच्या नवऱ्याने दारातूनच परत दिला. अगदी नम्रपणे. मी जिना उतरताना रडले, खोटं कशाला बोलू.

गेल्या आठवड्यात रात्री तिचा मेसेज आला. "छान आहे तुझा उन्हाळा."

त्यातल्या "तुझा"वर मी अडकले आहे. टोमणा होता का? थकवा होता? मी हे सगळं तिच्यासाठी करतेय की माझ्यासाठी? बंद करू, की करत राहू? यातून गेलेल्या कुणी सांगाल का?

---

रात्रपाळी

मोगरा परत दिला त्याचं वाईट वाटून घेऊ नका, त्यांनी बरोबर केलं. मी परिचारिका आहे, अशा वॉर्डात बरीच वर्षं काढली. पेशी कमी असताना ताजी फुलं, कुंडी, माती, ओली पानं खोलीत नकोच. मातीत आणि कुजणाऱ्या पालापाचोळ्यात अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी असते. तुमच्या-माझ्या फुप्फुसात रोज जाते आणि काही होत नाही, पण अशा पेशंटला ती जिवावर बेतू शकते. फुलदाणीच्या पाण्यातही जंतू वाढतात. शिवाय वास. केमोत नाक इतकं विचित्र होतं की आवडत्या वासानेच उमासे येतात, आणि पुढे कधीकधी तो वास कायमचा मनातून उतरतो. तिचा मोगरा वाचला असं समजा.

दुसरं, तिच्या औषधांत व्हिन्क्रिस्टीन असेल तर बोटांची टोकं बधिर होऊ शकतात. शर्टाचं बटण लावताना रडलेले पुरुष मी पाहिलेत. तेव्हा प्रेमाने बारीक ब्रश आणि रंगांची पेटी नेऊन देण्याआधी विचारा. जाड खडू, मऊ पेन्सिल जमते कधीकधी. नवं कोरं, बंद पाकिटातलं, वरून पुसता येईल असं. आणि काय चालेल, काय नाही हे तिच्या डॉक्टरांनाच विचारायचं, कारण आज चालतं ते पुढच्या आठवड्यात चालेलच असं नाही.

"तुझा उन्हाळा"बद्दल मला बोलता येणार नाही. पण रात्री आला म्हणालात ना. स्टेरॉइड चालू असली की रात्र रात्र झोप नसते. रात्री दोनला लिहिलेलं वाक्य दुपारी बारा वाजता वाचू नये.

---

पायरीवरचा

रोज पाच-सहा फोटो? ताई, मी धडधाकट माणूस आहे, तरी असे फोटो आले की म्यूट करतो.

---

दुसरा_डाव

पायरीवरचा, हसले. पण खरं आहे.

मी यातून गेलेय, चार वर्षं झाली. वेगळा आजार, पण खोली अशीच आणि महिनेही हेच. मला फोटोंचा त्रास का व्हायचा ते सांगते. प्रत्येक सुंदर फोटो काहीतरी मागायचा. "वा" म्हणा, "किती सुंदर" म्हणा. अंगात तेवढंही त्राण नसायचं, आणि नाही म्हटलं तर समोरचा काळजीत. म्हणजे आजारी मी आणि सांभाळायचं मी त्यांना. वरून ते फोटो पुरे झालेले असायचे. त्यात माझ्यासाठी काही उरलेलंच नसायचं, बघून झालं की संपलं.

माझा धाकटा भाऊ मुलखाचा आळशी. त्याच्या गॅलरीत कपड्यांच्या तारेवर शिंजीराने घरटं बांधायला घेतलं. तो रोज संध्याकाळी दोन ओळी पाठवायचा, फोटो क्वचित, तोही हललेला. "आज कोळ्याचं जाळं आणलं, कुठून तरी ओरबाडून." "नर नुसता तारेवर बसून ओरडतो, काम सगळं ती करते." "आज आली नाही." त्या "आज आली नाही"ने माझी रात्र गेली! दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतःहून विचारलं, आली का? किती तरी दिवसांनी मी कुणाला काही विचारलं होतं. नाही तर सगळे मलाच विचारायचे, बरं वाटतंय का.

दोन अंडी घातली. पंधरवडाभर उबवते असं त्याने कुठेतरी वाचलं, मग आम्ही दिवस मोजायला लागलो. माझे रक्ताचे आकडे आणि तिचे दिवस, दोन्ही एकाच वहीत.

आता पुढचं. बाराव्या दिवशी कावळ्याने घरटं फाडलं. भावाने मला तीन दिवस सांगितलं नाही. "सगळं ठीक" लिहायचा. चौथ्या दिवशी मी पकडलं, कारण त्याच्या ओळींमधून बारीकसारीक गोष्टी गायब झाल्या होत्या. आयुष्यात त्याच्यावर एवढी कधी चिडले नाही. अंड्यांसाठी रडले तो भाग वेगळा, पण राग होता तो लपवल्याचा. डॉक्टर गोल गोल बोलतात, आई हसून बोलते, आणि आता एवढासा पक्षीही माझ्यापासून लपवायचा? त्यानंतर आमचा करार झाला, जे घडेल ते सांगायचं. महिन्याभराने त्याच तारेवर पुन्हा काडी आली. ते घरटं मात्र तडीस गेलं.

तेव्हा, बंद करू नका. कमी करा. एक काहीतरी धरा, जे अजून चाललेलं आहे. आणि उत्तर आलं नाही तर "काय झालं, रागावलीस का" असं अजिबात विचारू नका.

---

रिकामी_कुंडी

दुसरा_डाव, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. "प्रत्येक फोटो काहीतरी मागायचा." मी तर फोटोला दोन-दोन उद्गारचिन्हं लावत होते.

---

आकडेमोड

खिडकीसमोर भिंत म्हणालात म्हणून. रॉजर उल्रिच या संशोधकाने 1984 मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात एक छोटा अभ्यास छापला होता. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचे पेशंट, 23 जोड्या. प्रत्येक जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसायची, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना जोरकस वेदनाशामकं कमी लागली. 23 जोड्या म्हणजे काही फार नाहीत, आणि पित्ताशय म्हणजे रक्ताचा कर्करोग नव्हे, त्यामुळे यातून उपचार काढू नये. पण त्या भिंतीचं काही करता येतं का, पाहा.

---

खडू_फळा

मी चित्रकला शिकवतो, म्हणून एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगतो. आंरी मातीस, फ्रेंच चित्रकार. 1941 साली त्याच्या पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली. कर्करोगच. त्यानंतर बराच वेळ खाटेवर आणि चाकाच्या खुर्चीत. चित्रफलकासमोर तासन् तास उभं राहणं संपलं. मग त्याने कात्री धरली. मदतनिसांनी कागद रंगवून द्यायचे, त्याने त्यातून आकार कापायचे, मदतनिसांनी ते भिंतीवर टाचणीने लावायचे. "जरा वर. डावीकडे. नाही, होता तिथेच." एकेक आकार असा कितीदा तरी हलायचा.

1952 च्या उन्हाळ्यात त्याला पोहणारे बघायचे होते. नेलं त्याला पोहण्याच्या तलावावर, पण ऊन सोसेना, परत आणावं लागलं. घरी आल्यावर म्हणाला की आता माझा तलाव मीच करतो. जेवणघराच्या भिंतींवर डोक्याच्या उंचीवर पांढऱ्या कागदाचा पट्टा लावून घेतला आणि निळ्या कागदातून पोहणारे, सूर मारणारे कापून त्यावर चढवले. खोलीभर पाणी.

मला यात कात्रीपेक्षा ते टाचण्या लावणारे हात महत्त्वाचे वाटतात. ठरवणारा तो, चढउतार करणारे दुसरे. तुमची मैत्रीण चांगली काढायची, चुका काढायची म्हणालात. मग तिला रंगाची पेटी कशाला देता? तुम्ही काढा आणि चुका. चुका हे क्रियापद म्हणून वाचावे.

(एक तांत्रिक टीप, कुणी सुचवायच्या आधी: पाकळ्यांच्या रसाने कागद रंगवून, त्यावर पान ठेवून उन्हात छाप काढतात. फार गोड येतो. पण तो पक्का करता येत नाही, उजेडात राहिला की पानाचा आकारही हळूहळू उडून जातो. आजाऱ्याला भेट देऊ नका. माझ्या एका विद्यार्थ्याने दिला होता, भिंतीवर लावला, आणि पुढचं सांगत नाही.)

---

रिकामी_कुंडी

अकरा दिवसांनी येतेय. तिसरी फेरी सुरू झाली.

आधी भिंत. समोरच्या इमारतीतल्यांना विचारलं, पाइपावर एखादा कागदी पक्षी टांगला तर चालेल का. त्या गृहस्थांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यावरून भिंतीचा विषय संपला.

फोटो बंद केले. दोन दिवस काहीच पाठवलं नाही, हात शिवशिवत होते. तिसऱ्या दिवशी गुलमोहराखाली बसून पान काढलं. नुसतं एक पान, फुलं नाहीत. तिशी ओलांडून कितीतरी वर्षं झाली, तरी माझा हात आठवीतच आहे. मुद्दाम चुकायची गरज पडली नाही, खडू_फळा सर. फोटो काढून पाठवला, खाली काहीही लिहिलं नाही. उद्गारचिन्हसुद्धा नाही.

निळी खूण. चार दिवस काही नाही. मी विचारलं नाही (दुसरा_डाव, हे किती अवघड गेलं ते तुम्हालाच कळेल). पाचव्या दिवशी पहाटे 3 वाजून 10 मिनिटांनी:

"देठ चुकलाय. फांदीपाशी फुगतो तो."

आणि मिनिटभराने: "सगळ्या जोड्या एका लांबीच्या कशा काढल्यास? तळाच्या आखूड असतात. पट्टी घेऊन मोज."

मी अंथरुणात उठून बसले. नवरा म्हणाला काय झालं, मी म्हटलं देठ चुकलाय. तो परत झोपला.

दुपारी पट्टी घेऊन गेले. देठ खरंच फुगतो, फांदीला लागतो तिथे छोटी गाठ असल्यासारखा. इतकी वर्षं त्या झाडाखाली उभी राहिले, कधी बोट लावून बघितलं नव्हतं. मी धरलेल्या पानाला सतरा जोड्या. तळाची पावणेपाच सेंटिमीटर, मधली साडेनऊ. एक काका थांबून विचारत होते, सर्वेक्षण चाललंय का. म्हटलं हो.

आकडे पाठवलेत. शेंड्याची जोडी मोजायची राहिली, ती उद्या. अजून निळी खूण आलेली नाही. झोपली असेल.