जुनी फोर-बाय-फोर: ६० ला पुढची चाकं थडथडतात, नकलमधून तेल येतं, फोर-हायचा लिव्हर अडकतो

रानवाट
गाडी २५ वर्षांच्या पुढची. लॅडर चासी, पुढे-मागे दोन्हीकडे सलग अ‍ॅक्सल, चारही कोपऱ्यांना पाटे (लीफ स्प्रिंग), डिझेल, पार्ट-टाइम फोर-व्हील-ड्राइव्ह, पुढे हाताने फिरवायचे लॉकिंग हब (चाक शाफ्टला जोडायचे किंवा ‘फ्री’, म्हणजे मोकळं करायचे). पुढची नकल (चाक वळवणारा सांधा) बंद प्रकारची, म्हणजे गोळ्यावर फिरणारी, आणि मॅन्युअलप्रमाणे तिच्यात ग्रीस भरायचं असतं. सध्या तीन त्रास आहेत.

५५-६० च्या वेगात एक चाक खड्ड्यातून गेलं की स्टिअरिंग जोरात डावं-उजवं थडथडायला लागतं आणि वेग ३० च्या खाली आणेपर्यंत थांबत नाही. चाकांचं बॅलन्सिंग नुकतंच केलं आहे. दुसरं, डाव्या नकलच्या गोळ्यावरून काळं, पातळ तेल ओघळतं आणि टायरच्या आतल्या बाजूपर्यंत जातं. तिसरं, फोर-हाय (चारही चाकांना ताकद) टाकून थोडं चाललं की लिव्हर परत टू-हायला (फक्त मागच्या चाकांना ताकद) येत नाही.

पाना-सेट, टॉर्क पाना, ३ टनी जॅक आणि दोन स्टँड घरी आहेत, प्रेस नाही. स्टिअरिंग डँपर (स्टिअरिंगचे झटके शोषणारा) नवा बसवून पहिला त्रास जाईल का? आणि बाकीचं काम घरी होण्यासारखं आहे का?

नटबोल्ट
डँपर आत्ता घेऊ नका. चांगला डँपर ढिलाई झाकतो, काढत नाही. काही महिने गाडी बरी वाटते, तेवढ्यात आतला सांधा आणखी झिजतो आणि थडथड परत येते ती जास्त जोरात. आधी प्ले, म्हणजे ढिलाई, कुठे आहे ते शोधा.

चाकं जमिनीवरच ठेवा. इंजिन बंद. एकाला आत बसवून स्टिअरिंग वीतभर डावीकडे-उजवीकडे सारखं हलवायला सांगा. तुम्ही खाली झोपून एकेका सांध्यावर बोट असं ठेवा की अर्धं बोट एका भागावर, अर्धं दुसऱ्यावर: ड्रॅग लिंकची (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याची) दोन्ही टोकं, टायरॉडचे (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याचे) दोन्ही एंड, पिटमन आर्म (बॉक्सचा हात). डोळ्यांना दिसत नाही ती ढिलाई बोटाला लागते. स्टिअरिंग बॉक्सचे चासीवरचे बोल्टही याच वेळी बघा. बॉक्सच हलत असेल किंवा तिथे चासीला तडा असेल तर बाकी काहीही बदलून उपयोग नाही. पाट्यांचे बुश आणि यू-बोल्ट यांच्यावरही नजर टाका.

मग एक-एक पुढचं चाक उचला. वर-खाली धरून हलवा, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी. प्ले लागला तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर चाकाचं बेअरिंग ढिलं आहे. तसाच राहिला तर किंगपिनची (ज्या खुंटीवर नकल वळते तिची) बेअरिंगं गेली. ३ आणि ९ ला धरल्यावरच प्ले लागत असेल तर टायरॉड एंड किंवा स्टिअरिंग बॉक्सकडे वळा.

हब फ्री आणि गाडी टू-हायमध्ये असताना पुढचा प्रोपेलर शाफ्ट फिरतच नाही. थडथड त्या स्थितीत होत असेल तर त्या शाफ्टच्या क्रॉसवर (सांध्यावर) संशय घेऊन वेळ घालवू नका.

एक गोष्ट जिवाची आहे म्हणून सांगतो. बऱ्याच जुन्या फोर-बाय-फोरचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या तोंडावरच्या ड्रमवर असतो. अशा गाडीचं एक मागचं चाक उचललं की डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) दुसऱ्या चाकाला मोकळं सोडतं आणि हँडब्रेक ओढलेला असतानाही गाडी सरकते. तुम्ही पुढून उचलणार असलात तरी मागच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका.

ग्रीसगन
तेलाबद्दल. नकलमधून पातळ तेल येतंय याचा अर्थ अ‍ॅक्सलच्या नळीच्या टोकाचं आतलं ऑइल सील गेलं आहे. डिफचं (डिफरन्शियलचं) तेल त्यातून नकलमध्ये येतं, तिथलं ग्रीस धुऊन टाकतं आणि त्याचा काळा रस्सा बाहेरच्या वायपर सीलमधून झिरपतो. लोक बाहेर दिसतं म्हणून वायपर सील बदलतात. ते सील मुळात तेल अडवायला केलेलंच नाही. धूळ-चिखल बाहेर ठेवणं आणि ग्रीस आत ठेवणं एवढंच त्याचं काम.

तुमची पहिली दोन दुखणी एकच असण्याची शक्यता मला जास्त वाटते. ग्रीस धुतलं गेलं की किंगपिनचं खालचं बेअरिंग आधी मरतं. वजन त्याच्यावर, आणि घाण व पाणी बसतं तेही तळाशीच. काढल्यावर बाहेरची रेस (बेअरिंगची कडी) उजेडात फिरवून बघा. गुळगुळीत चकाकीऐवजी रोलरच्या अंतराने ओळीत पडलेल्या बारीक आडव्या खाचा दिसतील. चाक सरळ असताना रोलर कायम त्याच जागी आपटत राहतात, म्हणून खाचा नेमक्या सरळ चालायच्या ठिकाणी पडतात आणि थडथडही सरळ रस्त्यावरच होते.

सील का गेलं, हे बघितल्याशिवाय नवं बसवू नका. अ‍ॅक्सलवर एक छोटा ब्रीदर असतो. तो चिखलाने बंद झाला की तेल तापल्यावर आतली हवा कोंडते आणि सीलच्या लिपवर दाब देते. उलट, तापलेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात उतरला की आत पोकळी तयार होते आणि पाणी सीलमधून ओढलं जातं. ब्रीदर काढा, डिझेलने धुवा, फुंकून हवा पलीकडे जाते का ते पाहा. त्याला तेल सोसणारी नळी लावून बॉनेटखाली उंच नेली तर हा प्रश्न कायमचा सुटतो.

काम घरी होतं. गाडी स्टँडवर, चाक काढलं. लॉकिंग हब, सर्कलिप, बाहेरचा लॉक नट, टॅबचा वायसर, आतला नट, मग ड्रमसकट हब. ब्रेकची बॅकप्लेट सोडवून तारेने पाट्याला टांगा, ब्रेकच्या होजवर लोंबकळू देऊ नका. स्टब अ‍ॅक्सल हलक्या तांब्याच्या किंवा लाकडी हातोडीने सुटा करा आणि अ‍ॅक्सल शाफ्ट जॉइंटसकट सरळ बाहेर ओढा. त्या बाजूचं टोक थोडं उंच ठेवलंत तर डिफचं तेल बाहेर येत नाही.

जुनं सील उचकटताना सीलच्या घराला (बसायच्या जागेला) ओरखडा पडू देऊ नका. नवं सील त्याच्या बाहेरच्या व्यासाचा सॉकेट लावून सरळ ठोकायचं, स्प्रिंगची बाजू तेलाकडे म्हणजे डिफकडे. शाफ्टवर जुन्या लिपने खोबण पाडली असेल तर नवं सीलही थोड्याच दिवसांत गळेल. तिथे रिपेअर स्लीव्ह चढवा, किंवा घरात जागा असेल तर सील मिलिमीटर-दोन मिलिमीटर मागे-पुढे बसवा. शाफ्ट परत घालताना त्याचं वजन हातावर पेला. तो लिपवर टेकला की स्प्लाइनच्या धारेने लिप कापली जाते. नव्या सीलचं बहुतेक वेळा इथेच वाटोळं होतं.

नकल पूर्ण धुवा आणि मॉलिब्डेनमचं लिथियम ग्रीस भरा. आधी जॉइंटच्या गोळ्यांमध्ये बोटाने दाबून, मग नकलच्या पोकळीत साधारण पाऊण. काठोकाठ भरू नका, तापल्यावर वायपर सीलमधून बाहेर येतं. ब्रेकच्या शूला तेल लागलं असेल तर धुऊन किंवा जाळून वापरू नका, डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे शू एकदम बदला.

डिफमधलं तेल कमी झालेलंच असणार. आधी भरायचा प्लग उघडा, तो उघडतोय याची खात्री झाल्यावरच खालचा. अ‍ॅक्सलला जीएल-५ दर्जाचं ८०डब्ल्यू-९० गिअर तेल. पण गिअरबॉक्सला मॅन्युअलमध्ये जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-४ च घाला, कारण जीएल-५ मधली गंधक-फॉस्फरसची द्रव्यं पितळी सिंक्रो रिंगांना खातात. निघालेलं तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, मग दुसऱ्या बाजूचं सीलही तपासा.

क्रॉसशाफ्ट
लिव्हरचा त्रास वेगळा. पार्ट-टाइम गाडीत मधलं डिफरन्शियल नसतं, फोर-हायमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचं अंतर कापतात. मातीवर टायर घसरून तो फरक सोडून देतात, कोरड्या डांबरावर सोडत नाहीत. मग शाफ्टला पीळ बसतो आणि ट्रान्सफर केसमधला स्लायडर त्या पिळात आवळला जातो. लिव्हर हिसडून शिफ्टर फोर्क वाकवू नका. स्टिअरिंग सरळ ठेवून काही मीटर रिव्हर्स जा, लिव्हरवर हलका हात ठेवा, पीळ सुटला की तो आपणच येतो.

पीळ की लिंकेज, याची सोपी परीक्षा आहे. सपाटीवर दोन्ही हब फ्री करून फोर-हाय टाका आणि काढा. हब फ्री असताना पीळ बसूच शकत नाही. तरीही लिव्हर जड असेल तर त्याचे बुश आणि रॉडचे सांधे गंजलेत. हलका चालला तर दोष पिळाचा. पुढच्या-मागच्या टायरचा घेर सारखा नसला तरी पीळ बसतो, म्हणून टायर मोजा. टायरवर खडूने खूण करा, गाडी हळू ढकलून चाकाचे पूर्ण ५ फेरे होऊ द्या, अंतर मोजा, ५ ने भागा. हवा आधी मॅन्युअलप्रमाणे चारही चाकांत भरलेली हवी.

रानवाट
सगळं करून पाहिलं. डाव्या चाकाला १२-६ वर प्ले आहे, ब्रेक दाबल्यावरही जात नाही. उजवीकडे नाही. बोटाला कुठलाही एंड हलताना लागला नाही. ब्रीदर पूर्ण बंद निघाला. हब फ्री असताना लिव्हर हलका चालतो. टायर: पुढचे २२१० मिमी, मागचे २२४५ मिमी. किंगपिनच्या शिमचं (पातळ चकत्यांचं) कसं करायचं?

क्रॉसशाफ्ट
३५ मिमीचा फरक म्हणजे किलोमीटरला पुढचं चाक सुमारे ४५२ फेरे, मागचं ४४५. एवढ्याने सरळ रस्त्यावरही दर किलोमीटरला सात फेऱ्यांचा पीळ तयार होतो. एकाच मापाचे, एकाच झिजेचे चार टायर होईपर्यंत फोर-हाय फक्त चिखल-वाळूतच टाका. पुढे ठरावीक अंतराने टायर पुढचे मागे, मागचे पुढे करत राहा, स्टेपनीही त्यात धरा.

ग्रीसगन
मग डाव्या बाजूची दोन्ही किंगपिन बेअरिंगं रेससकट बदला, नुसते रोलर नकोत. जुन्या शिम काढताना वरच्या वर आणि खालच्या खाली अशा वेगळ्या तारेत ओवून ठेवा. जोडणी आधी त्याच शिमांवर करा. टायरॉड सोडलेला, अ‍ॅक्सल शाफ्ट बाहेर, वायपर सील न लावलेलं, अशा स्थितीत स्प्रिंगचा काटा टायरॉडच्या भोकात अडकवून आर्मला काटकोनात ओढा. नकल हलायला लागते तेव्हाचा आकडा मॅन्युअलशी ताडून पाहा. कमी आला तर शिम काढा, जास्त आला तर घाला. दोन्हीकडे शिम असतील तर वर-खाली सारख्या जाडीने बदल करा. एकीकडूनच काढल्या तर नकल मधोमध राहत नाही, शाफ्ट सीलच्या लिपवर एका अंगाने दाबतो आणि नवं सील परत गळतं.

नटबोल्ट
जोडून झाल्यावर टो-इन (चाकांचं पुढून किंचित आत वळलेलं असणं) घरीच बघा. चाक उचलून फिरवत टायरच्या मधोमध खिळ्याने बारीक रेघ मारा, गाडी खाली घेऊन थोडी पुढे ढकला, मग दोन रेघांमधलं अंतर हबच्या उंचीवर पुढून आणि मागून मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा किती कमी हवं ते मॅन्युअलमध्ये असतं, अशा गाड्यांना बहुधा १ ते ३ मिमीच्या आसपास. एवढ्यावरही थोडी थडथड उरली तर कॅस्टर (किंगपिनचा मागे कललेला कोन) बघा. पाटे बसले किंवा कोणी लांब शॅकल (पाट्याचं टोक टांगणाऱ्या पट्ट्या) लावले की तो बिघडतो.

चाकाच्या बेअरिंगचा आतला नट हब फिरवत घट्ट करा म्हणजे रोलर बसतात, मग ढिला करा आणि मॅन्युअलच्या हलक्या टॉर्कवर परत आणा. टॅबचा वायसर नवाच वापरा. २०-२५ किमी चालवून हबवर हात ठेवा. दोन्ही बाजू कोमट हव्यात. ब्रेक धरून बसलेला नसतानाही डावीकडचा हब हात ठेवता येणार नाही इतका तापला असेल तर नट जास्त आवळला आहे, लगेच उघडून परत बसवा.