पुण्याच्या जुन्या पुस्तकांच्या प्रदर्शनाला जायचंय, पुस्तक कसं तपासून घ्यावं?

शहापूरकर
पुढच्या महिन्यात पुण्यात जुन्या-दुर्मिळ पुस्तकांचं प्रदर्शन आहे. बेळगावहून दोघं जण जाणार आहोत, बजेट पाच हजार. हवं आहे ते असं: बेळगाव भागावरचं स्वातंत्र्यापूर्वीचं काहीही, जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं, जमल्यास एखादी हस्तलिखित पोथी. स्टॉलवर गर्दीत दोन-तीन मिनिटांत काय काय बघायचं? पुस्तकावर साल नसेल तर ते कोणत्या काळातलं हे कसं ओळखायचं? आणि इतकं ओझं परत कसं आणायचं?

खडेबाजार_बाइंडिंग
आधी फर्मे मोजा. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून, घडी घालून शिवलेला पानांचा संच. जुनी मराठी पुस्तकं बहुतेक 16 पानी फर्म्यांची असतात. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा असतो, म्हणजे पान 1, 17, 33, 49 वर. पहिल्याच फर्म्यात प्रस्तावना धरली असेल तर हे आकडे सरकतात, पण अंतर 16 चंच राहतं. तेवढीच पानं उलटत जायचं, तीनशे पानांचं पुस्तक मिनिटाभरात होतं. जुन्या पुस्तकातून पानं जातात ती सहसा फर्म्यानं जातात. दोरा तुटला की अख्खा फर्मा निसटतो आणि पुन्हा बांधताना कुणाच्या लक्षात येत नाही.

चित्रं आणि नकाशे मात्र या मोजणीत सापडत नाहीत. ती वेगळ्या कागदावर छापून चिकटवलेली असतात. चित्रसूची असेल तर तिच्याशी ताडून बघा. घडीचा नकाशा असेल तर घडी पूर्ण उघडून बघा. घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथेच तो फाटतो.

नंतर बांधणी. नव्यानं बांधलेलं पुस्तक दिसायला झकास, पण दोन गोष्टी बघा की. कडा कापताना समासातला मजकूर किंवा पानांचे आकडे गेलेत का? आणि बाजूनं भोकं पाडून शिवलंय का? तसं शिवलेलं पुस्तक पूर्ण उघडत नाही, आणि कागद जुना असेल तर शिवणीलगतच पान मोडतं. मूळची सैल बांधणी यापेक्षा कधीही बरी, ती दुरुस्त करता येते. नाटकांच्या पातळ पुस्तकांना पिना मारलेल्या असतात, त्या गंजून भोवतालचा कागद खातात. घरी आणल्यावर पिना काढून दोऱ्यानं शिवून घ्या. सेलोटेप कुठंही लावू नका. फाटलेल्या जागी पातळ जपानी कागद आणि मैद्याची खळ.

कागद ठिसूळ आहे का हे बघायला काही जण पानाचा कोपरा दुमडतात. कृपा करून तसं करू नका, कोपरा तुटून हातात येतो. कडा तपकिरी झाल्यात का, पान उलटताना चुरा पडतो का, एवढं पुरे.

निपाणी_जुनं_छापील
सालाबद्दल सांगतो. मुखपृष्ठावर शके असेल तर 78 मिळवा: शके 1806 म्हणजे 1884. चैत्रापूर्वीच्या महिन्यांना 79. काहीच छापलेलं नसेल तर किंमत बघा. नुसते रुपये-आणे-पै असतील तर छपाई बहुधा 1957 च्या आधीची, कारण दशमान नाणी 1 एप्रिल 1957 ला आली. "नवे पैसे" असेल तर 1957 ते 1964. प्रकाशकाच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर 15 ऑगस्ट 1972 नंतरचं. 978 नं सुरू होणारा तेरा आकडी आयएसबीएन असेल तर छपाई बहुधा 2007 किंवा त्यानंतरची, आत मजकूर कितीही जुना असू दे.

"नाहीं", "करणें", "कां" असे न उच्चारायचे अनुस्वार 1962 च्या लेखननियमांनी गेले. पण एवढ्यावर भरवसा ठेवू नका. जुन्या प्रतीचा फोटो काढून छापलेल्या पुनर्मुद्रणातही ते तसेच दिसतात. तिथं बोट वापरायचं. पानाच्या मागच्या बाजूनं बोट फिरवा. खिळ्यांनी, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांनी छापलेल्या पानाला हलका उठाव लागतो, ऑफसेट सपाट असतं. शिळाप्रेसच्या, म्हणजे दगडावरून छापलेल्या पोथ्याही सपाटच लागतात, पण तिथं अक्षर हातानं लिहिलेलं असल्यामुळे एकच अक्षर दोन ठिकाणी हुबेहूब सारखं येत नाही.

बेळगावसाठी पहिलं नाव मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचं, म्हणजे जिल्ह्यांच्या सरकारी माहितीग्रंथाचं: खंड 21, बेळगाव, 1884, इंग्रजीत. त्याचं स्कॅन इंटरनेट अर्काइव्हवर फुकट मिळतं, त्यामुळे नुसत्या वाचनासाठी मूळ प्रतीला पैसे घालू नका. जाण्याआधी बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयातही एक फेरी मारा. ते 1848 पासूनचं आहे. तिथं काय आहे ते बघून ठेवलं की कुठल्या पुस्तकाला पैसे मोजायचे हे ठरवणं सोपं जातं.

पुण्यात आणखी एक बघायचं. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. तिकडच्या जुन्या संग्रहांतल्या पुस्तकावर एका उंचीपर्यंत तपकिरी रेघ दिसली तर ते भिजलेलं आहे. रेघ कोरडी असेल आणि पानं एकमेकांपासून सुटी होत असतील तर घ्यायला हरकत नाही, पण किंमत कमी करून. पानं एकमेकांना चिकटलेली असतील तर सोडा. वाचनालयाचा शिक्का असेल तर "रद्द" असा दुसरा शिक्का शोधा. तो नसेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका.

शहापूरकर
खूप उपयोग झाला, धन्यवाद. पोथीचं आणि ओझ्याचं कुणी सांगेल का?

खानापूर_ग्रंथपाल
पोथी सोडूनच द्या, दादा. 75 वर्षांहून जुनं, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेलं हस्तलिखित 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येतं. विकणाऱ्याकडे परवाना लागतो. परवाना क्रमांक घालून पावती देत असेल तरच बोला.

ओझं: साधारण तीनशे पानांचं कापडी बांधणीचं पुस्तक अर्धा किलो धरा, वीस पुस्तकं म्हणजे दहा किलो. टपाल खात्याची 1 मे 2025 पासून "ज्ञान पोस्ट" आहे. 5 किलोच्या गठ्ठ्याला 100 रुपये आणि वर कर. पण पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं लागतं, म्हणजे पहिली पानं गेलेलं पुस्तक त्यात बसत नाही. मासिकं आणि जाहिराती असलेले अंकही चालत नाहीत, जुने दिवाळी अंक हातानंच आणा. गठ्ठा आधी प्लॅस्टिकमध्ये आणि मग पुठ्ठ्यात बांधा.

घरी आणलेलं पुस्तक थेट कपाटात ठेवू नका. कसर किंवा किडा असेल तर तो आधीच्या पुस्तकांत जातो. पुस्तक पूर्ण कोरडं असल्याची खात्री करून झिपच्या पिशवीत घाला, हवा काढा, उणे 18 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर गार पानांवर दव धरतं. फ्रीझरनं किडा मरतो, बुरशी मरत नाही. बोटाला पावडरीसारखी लागणारी बुरशी असेल तर ते पुस्तक स्टॉलवरच राहू दे. आपल्याकडे खानापूर-बेळगावच्या पावसाळ्यात दमटपणा महिनोन् महिने 65 टक्क्यांच्या वर असतो, तिथं ती पुन्हा उठते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढं ठेवा. वेखंडाची पुरचुंडी ठेवायला हरकत नाही, डांबरगोळ्या पानांना लागू देऊ नका.

खडेबाजार_बाइंडिंग
एक राहिलं. नाटकांची पातळ पुस्तकं सुटी घेऊ नका, दहा-बारा बाजूला काढून एकत्र भाव विचारा. चांगलं हवं असेल तर पहिल्या दिवशी सकाळी, स्वस्त हवं असेल तर शेवटच्या दिवशी संध्याकाळी. दोघं आहात तर एकानं निवडायचं, दुसऱ्यानं फर्मे मोजायचे.