नव्या सुरक्षाधोक्यांवर दोन युरोपीय देशांचे संयुक्त संशोधन : अभ्यासासाठी कोणती जोडी घ्यावी?

कृष्णाकाठ, सांगली
नमस्कार. मी राज्यशास्त्रात एम.ए. करत असून लघुप्रबंधासाठी वरील विषय घेतला आहे. सुरुवातीला फ्रान्स आणि जर्मनी ही जोडी मनात होती, कारण १९५८ च्या करारातून उभी राहिलेली त्यांची सामायिक संशोधन संस्था फ्रान्समधील सँ-लुई येथे आजही चालू आहे आणि तिला एक फ्रेंच व एक जर्मन असे दोन संचालक असतात. मात्र स्फोटके, तोफगोळ्यांची गती आणि चिलखत हे तिथले जुने विषय सायबर हल्ले किंवा समुद्रतळावरील केबल तोडणे अशा धोक्यांपासून मला दूरचे वाटतात. त्याऐवजी फिनलंड आणि एस्टोनिया घेतले तर पुरेसा ऐवज मिळेल का?

माहुलीकर, सातारा
फिनलंड आणि एस्टोनियाच घ्या, असे मी आग्रहाने सांगेन. हेलसिंकी आणि टॅलिन यांच्यात सुमारे ८० किलोमीटरचे आखात आहे, म्हणजे आपल्या सातारा-सांगली रस्त्याहूनही कमी अंतर, आणि त्याच्या तळाशी दोघांची वायुवाहिनी, वीजवाहिन्या व दूरसंचार केबल टाकलेल्या आहेत. ८ ऑक्टोबर २०२३ रोजी ‘बाल्टिककनेक्टर’ वायुवाहिनीतील दाब एकाएकी घसरला आणि पुढे वाहिनीजवळ जहाजाचा नांगर सापडला. तेव्हा वाहिनीचा तपास फिनलंडने आणि नुकसान झालेल्या दूरसंचार केबलचा तपास एस्टोनियाने, परस्परांच्या सहकार्याने, हाती घेतला. वायुपुरवठा पूर्ववत होण्यास एप्रिल २०२४ उजाडला.

नांगर चुकून ओढला गेला की हेतुपुरस्सर, हे ठरवण्यासाठी सागरतळाचे सर्वेक्षण, जहाजांच्या मार्गाच्या नोंदी आणि सागरी कायदा या तिन्हींची जोड लागते, आणि मला विषयाचा गाभा इथेच दिसतो. २५ डिसेंबर २०२४ रोजी ‘एस्टलिंक-२’ ही वीजवाहिनी तुटल्यावर फिनलंडने ‘ईगल एस’ हे तेलवाहू जहाज ताब्यात घेतले खरे, पण ऑक्टोबर २०२५ मध्ये हेलसिंकीच्या जिल्हा न्यायालयाने अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर खटला फेटाळला, कारण घटना प्रादेशिक सागरी हद्दीबाहेर घडली होती. या एका निर्णयावर स्वतंत्र प्रकरण लिहावे, इतके त्याचे महत्त्व आहे.

संगणकमित्र, मिरज
माहुलीकर सरांची निवड मला मान्य आहे, परंतु त्यांनी दिलेली उदाहरणे मुख्यतः तपासाची आहेत आणि गुन्ह्याच्या तपासाला संशोधन म्हटले तर परीक्षक नक्कीच हरकत घेतील. संयुक्त संशोधन-विकासाचे खरे उदाहरण ‘एक्स-रोड’मध्ये आहे. सरकारी खात्यांमधील माहितीची सुरक्षित देवाणघेवाण करणारी ही व्यवस्था एस्टोनियाने २००१ मध्ये सुरू केली. २००७ मध्ये तेथील सरकारी संकेतस्थळे, बँका आणि वृत्तपत्रे यांच्यावर मोठा सायबर हल्ला झाला, त्यानंतर या प्रश्नाकडे पाहण्याची साऱ्या युरोपची दृष्टी बदलली. २०१७ मध्ये दोन्ही देशांनी एक्स-रोडच्या विकासासाठी टॅलिनमध्ये सामायिक संस्था स्थापन केली. आइसलँड त्यात नंतर आला. तिची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली असल्याने आपल्या भागातील अभियांत्रिकीचा विद्यार्थीही ती उतरवून घेऊन तपासू शकतो, आणि अशा एखाद्या विद्यार्थ्याला तुम्ही सोबत घ्यावे असे मला मनापासून वाटते.

एक काळजी घ्या. टॅलिनचे नाटोशी संलग्न सायबर संरक्षण केंद्र (२००८) आणि हेलसिंकीचे संमिश्र धोक्यांवरील केंद्र (२०१७) या दोन्ही बहुराष्ट्रीय संस्था आहेत. त्यांचे अहवाल जरूर वापरा, पण त्यांना द्विपक्षीय कार्य म्हणून दाखवू नका.

कृष्णाकाठ, सांगली
दोघांचेही आभार. तपास आणि संशोधन यांतील फरक पहिल्याच प्रकरणात स्पष्ट करून, एक्स-रोड हा मुख्य विषय आणि वायुवाहिनीची घटना ही या सहकार्याची कसोटी, अशी मांडणी मी मार्गदर्शकांपुढे ठेवणार आहे. माहुलीकर सर, अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यासाठी संयुक्त राष्ट्रांचा १९८२ चा सागरी कायद्याचा करार आधी वाचावा, की थेट न्यायालयाच्या निर्णयापासून सुरुवात करावी?

माहुलीकर, सातारा
करार आधी वाचा, त्यातही कलम ९७ आणि ११३. खुल्या समुद्रातील टक्कर वा तत्सम अपघातात खटला चालवण्याचा अधिकार कोणाचा हे पहिले सांगते आणि समुद्रतळावरील केबल व वाहिन्यांच्या नुकसानीबद्दल आपापल्या कायद्यात शिक्षा ठेवण्याची जबाबदारी दुसरे देशांवर टाकते. ही दोन्ही कलमे वाचून झाल्यावरच निर्णय हाती घ्या.