रांग कुठली ते आधी ठरवा
(कोल्हापुरातल्या एका सोसायटीचा ग्रुप, रविवार सकाळ)

पाटील काका, बी-३०२ (८:०४): शुभ सकाळ मंडळी. एक विचारायचं होतं. मे महिन्यात आम्ही दोघं लेकीकडं न्यू जर्सीला निघालोय. जावईबापू मागं लागलेत, अमेरिकेची ती ‘ग्लोबल एन्ट्री’ काढून घ्या, विमानतळावर ताटकळायला नको म्हणून. माणशी १२० डॉलर. दोघांचे वीस हजारांच्या वर जातात की! रांगेत उभं न राहायचे वीस हजार? कुणी काढलंय का हे?

सेक्रेटरी (८:११): काका, ग्रुपवर शक्यतो सोसायटीचेच विषय घ्यावेत ही विनंती. 🙏

पाटील काका (८:१२): मी सोसायटीतच राहतो.

अमोल, सी-५०१ (८:१५): 😂 काका, नाद खुळा. वीस हजारात मी तुमच्या जागी रांगेत उभारतो.

जोशी सर, ए-४०२ (८:२०): *फॉरवर्ड केलेला संदेश* आता विमानतळावर तपासणी नाही! मोबाइलमध्ये डिजीयात्रा ॲप घ्या आणि थेट विमानात बसा! सर्वांना पाठवा!

स्नेहा, ए-१०४ (८:३१): सर, हे कृपया पुढं पाठवू नका. डिजीयात्रा चांगलं आहे, पण त्यानं तपासणी चुकत नाही. आणि काका तर परदेशी निघालेत. ते ॲप आज तरी देशातल्याच विमानांना चालतं.

जोशी सर (८:३३): मला आलं ते मी पाठवलं.

स्नेहा (८:४९): काका, राजारामपुरीत विमानाची तिकिटं काढून द्यायच्या खुर्चीवर मला बारा वर्षं झाली. हा प्रश्न आठवड्याला एकदा तरी येतोच, आणि दर वेळी गुंता तोच असतो. माणसं म्हणतात ‘विमानतळावरची रांग’. तशी एक रांग नसतेच. तीन असतात, आणि तिघींचे मालक वेगळे.

पहिली दारातली. तिकीट आणि ओळखपत्र दाखवायची. डिजीयात्रा चेहरा ओळखून ही रांग हलकी करतं, आणि तपासणीकडं आत सोडायच्या गेटवरची. २०२२ च्या डिसेंबरात दिल्ली, बंगळूर, वाराणसीला सुरू झालं, पुण्याला २०२३ मध्ये आलं.

दुसरी सुरक्षा तपासणी. आपल्याकडं मोठ्या विमानतळांवर सीआयएसएफची, म्हणजे केंद्राच्या औद्योगिक सुरक्षा दलाची. ट्रेमध्ये लॅपटॉप, खिशातली चिल्लर, मग त्या चौकटीतून जायचं आणि पलीकडं पाटावर उभं राहून हात पसरायचे. पैसे भरून ही तपासणी कमी करून घ्यायची सोय भारतात नाही. उद्योगपती असो नाहीतर आपण.

तिसरी इमिग्रेशन. पासपोर्टवर शिक्का. मुंबईत मध्यरात्रीनंतर चार-पाच मोठी विमानं एकदम सुटायची असली की खरा जीव जातो तो इथं.

जावईबापू म्हणतात ती ग्लोबल एन्ट्री, म्हणजे आधीच छाननी करून घेऊन लवकर आत सोडायची सोय, ही तिसऱ्या रांगेची गोष्ट, आणि तीही अमेरिकेत उतरल्यावरची. मुंबईच्या रांगेला तिचा काडीचा उपयोग नाही.

पाटील काका (८:५२): मग मुंबईला काय करायचं?

स्नेहा (८:५८): मुंबईला आपल्या सरकारची सोय आहे, तीही फुकट. फास्ट ट्रॅक इमिग्रेशन. २०२४ च्या जूनमध्ये दिल्लीला सुरू झाली आणि २०२५ च्या जानेवारीत मुंबई, बंगळूर, हैदराबाद, चेन्नई, कोलकाता, कोची, अहमदाबादला आली. भारतीय पासपोर्टवाल्यांना आणि ओसीआय कार्डवाल्यांना (परदेशी नागरिकत्व घेतलेली आपली माणसं) मिळते. गृह मंत्रालयाच्या पोर्टलवर अर्ज भरायचा, फोटो आणि पासपोर्टची पानं चढवायची. मंजुरी आली की बोटांचे ठसे आणि चेहरा एकदाच द्यायचा, एफआरआरओच्या (परदेशी नागरिकांची नोंदणी होते त्या) कार्यालयात नाहीतर विमानतळावरच. मुदत ५ वर्षं किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, आधी जे येईल ते. तुमचा पासपोर्ट कधी संपतो ते आधी बघा. वर्षभरात संपणार असेल तर आधी पासपोर्ट, मग हे.

अमोल (९:०५): मी काढलंय. फौंड्रीच्या कामासाठी वर्षातनं तीन-चारदा जर्मनी, दुबई होतं. सरकार म्हणतंय ३० सेकंद. मला पहिल्यांदा गेटवर दोन मिनिटं लागली, कारण पासपोर्ट उलटा ठेवला होता. चूक माझीच. पण खरी गंमत ठसे देताना. आमच्या हातांची मोल्डिंगच्या वाळूनं पार वाट लागलेली, बोटांवर रेषाच राहिल्या नाहीत. मशीन काय घेईना. काउंटरवरची बाई म्हणाली, हात धुऊन या. धुतले. नाही. ओला रुमाल फिरवला. नाही. चौथ्या वेळी तिनंच माझं बोट धरून काचेवर दाबलं आणि एकदाचं झालं. तिथंच पाऊण तास गेला. पण त्यानंतर तीन वेळा गेलो, तीनही वेळा सटकन बाहेर. शेजारी दोन-अडीचशे माणसं नागमोडी उभारलेली. विषयच नाही.

शिंदे वहिनी, बी-१०१ (९:०९): माझा गुडघा बदललाय. ती चौकट वाजतेच आणि मग बाजूला घेऊन सगळं तपासतात. त्याला आहे का काही कार्ड?

स्नेहा (९:१२): वहिनी, त्याला कुठलंच कार्ड नाही. गुडघ्यात धातू आहे म्हटल्यावर चौकट वाजणार, आणि अमेरिकेतसुद्धा ‘प्रीचेक’च्या, म्हणजे तपासणीच्या वेगळ्या रांगेतल्यांचीही वाजते. चौकटीतून जायच्या आधीच सांगून टाकायचं, म्हणजे धावपळ होत नाही. पेसमेकर असेल त्यांनी तर आधी सांगावंच.

जोशी सर (९:१५): पण माझा मुद्दा वेगळा आहे. बोटं द्या, चेहरा द्या, आधार द्या. दहा मिनिटं वाचवायला एवढं सगळं द्यायचं का? उद्या त्याचं काय होतं कोण बघणार?

स्नेहा (९:२१): सर, मुद्दा चुकीचा नाही. डिजीयात्रावाले म्हणतात माहिती तुमच्या फोनमध्येच राहते आणि विमानतळाकडची २४ तासांत पुसली जाते. ते ऐच्छिक आहे, दारात कुणी जबरदस्ती केली तर सरळ नाही म्हणा, ओळखपत्र दाखवून जा. इमिग्रेशनच्या सोयीत मात्र नोंद राहतेच, नाहीतर गेट ताडून कशाशी बघणार? पण काकांनी अमेरिकेच्या व्हिसाला दहाही बोटं दिलीत. तिथं लाजून आता उपयोग नाही.

अमोल (९:२२): 😂😂

रोहन, सी-२०३ (९:३०): नमस्कार सगळ्यांना, मी सुट्टीला आलोय, डॅलसला असतो. काकांसाठी थोडं सांगतो. तिकडं दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक हमखास घोळ करतात. टीएसए म्हणजे तिकडची विमानतळावर तपासणी करणारी सरकारी यंत्रणा, आणि टीएसए प्रीचेक म्हणजे तिच्या सुरक्षा तपासणीची वेगळी रांग. २०११ पासून आहे. बॅगेतला लॅपटॉप, बाटल्या काढायच्या नाहीत, पट्टा आणि हलकं जॅकेट अंगावरच. पूर्वी बूट काढायचे नाहीत हे त्याचं मोठं आकर्षण होतं, पण २०२५ च्या जुलैपासून बूट कुणालाच काढायला लावत नाहीत, त्यामुळं मजा थोडी कमी झाली. प्रीचेकला थेट अर्ज अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डवाले करू शकतात. काकांसारख्या व्हिजिटर व्हिसावाल्या भारतीयाला ते मिळतं ग्लोबल एन्ट्रीतूनच. ती आपल्या लोकांना २०१७ पासून खुली आहे. म्हणजे त्या १२० डॉलरमध्ये दोन्ही येतं.

रोहन (९:३२): आणि एक, तिकीट काढताना सदस्यत्वाचा तो ‘नोन ट्रॅव्हलर नंबर’ घालावा लागतो. बोर्डिंग पासवर प्रीचेक छापून आलं नाही तर त्या रांगेत उभं करत नाहीत. माझ्या तिकिटावर एकदा वडिलांचं नाव मध्ये आलं होतं, कार्डावर नव्हतं. आपल्या मराठी नावांची ही नेहमीची कटकट. दोन विमानं साध्या रांगेतून.

पाटील काका (९:३६): म्हणजे काढावं?

स्नेहा (९:५०): काका, स्पष्ट सांगते. या वेळी नको.

एक तर मे दोन-तीन महिन्यांवर आलाय. आधी तिकडच्या पोर्टलवर अर्ज, पैसे. मग भारतीय म्हणून आपल्या पासपोर्ट सेवेकडून पोलीस पडताळणी वेगळी. मग सशर्त मंजुरी, मग मुलाखत. मुलाखत अमेरिकेत उतरतानाच काही विमानतळांवर देता येते, ती सोय चांगली आहे, पण तोवर मंजुरी हातात हवी. मेपर्यंत होईलच अशी हमी मी तरी देणार नाही. आणि नाकारलं तर पैसे परत नाहीत.

दुसरं, एकट्यानं काढून भागत नाही. प्रत्येकाचं वेगळं लागतं. तुम्ही पाच मिनिटांत बाहेर पडून बॅगांपाशी उभे आणि काकू आत रांगेत एकट्या, अधिकारी इंग्लिशमधून विचारतोय, किती दिवस राहणार? त्यापेक्षा दोघं एका रांगेत बरे.

हिशेब करू. मुदत ५ वर्षं. तुम्ही दोन वर्षांनी एकदा जाता, म्हणजे फार तर तीन वेळा. माणशी एका उतरण्याला साडेतीन हजार पडले. लेक तिकडंच स्थायिक आहे, नातवंडं झाली आणि दर वर्षी जाणं सुरू झालं तर मीच तुम्हाला काढायला लावेन. अमोलदादासारखा माणूस अमेरिकेला वर्षातनं तीनदा जात असता तर त्याला आजच सांगितलं असतं. आपल्याकडची फुकटची मात्र आजच भरा, दोघांचीही.

अमोल (९:५४): काका, खरं सांगू? कोल्हापूरच्या माणसाचा वेळ विमानतळावर जातच नाही. तो कागल-साताऱ्याच्या सहापदरीत जातोय. मागल्या खेपेला कराडच्या पुलाच्या कामात तासभर एका जागी. त्या रांगेचं कार्ड काढा कुणीतरी, मी ५०० डॉलर देतो.

सेक्रेटरी (९:५५): टाकी भरत आली आहे, कुणी मोटर बंद करावी.

पाटील काका (९:५८): उजळाईवाडीवरनं विमानानं हैदराबाद किंवा बंगळूर गाठून पुढं गेलं तर?

स्नेहा (१०:०२): जमतं, आणि या वयात रात्रीच्या बसपेक्षा कधीही बरं. फक्त दोन्ही तिकिटं एकाच बुकिंगवर असली तर बघा. वेगवेगळी काढली आणि पहिलं विमान लेट झालं तर पुढचं कुणी थांबवत नाही. आणखी एक मार्ग, अबूधाबीमार्गे. तिथं अमेरिकेचं इमिग्रेशन विमानात बसायच्या आधीच होतं, २०१४ पासून. तिकडं उतरलात की देशातल्या प्रवाशासारखे बॅगा घेऊन सरळ बाहेर. माझ्या गिऱ्हाइकांतल्या वयस्करांना मी तिकिटाचा फरक थोडा असेल तर हेच सुचवते. मात्र मधला थांबा भरपूर ठेवा, कारण ती तपासणी तिथं होते.

शिंदे वहिनी (१०:०५): नाहीतर व्हीलचेअर सांगा ना. आमच्या भावजयीनं सांगितली, तिघंजण बरोबर पुढं गेले.

अमोल (१०:०६): वहिनी, तुमची भावजय गेल्या आठवड्यात रंकाळ्याला दोन फेऱ्या मारताना दिसली.

शिंदे वहिनी (१०:०७): मुंबईत गुडघे दुखतात.

स्नेहा (१०:१०): हे मात्र मी लिहिणारच. पाय खरंच दुखत असतील तर निःसंकोच व्हीलचेअर मागा, पैसे लागत नाहीत. पण ढकलणारी माणसं मोजकीच असतात. धडधाकट माणसानं घेतली की पलीकडं ऑपरेशन झालेली एखादी आजी तासभर बाकावर बसून राहते. मी बघितलंय.

रोहन (१०:१५): +१. काका, पुढंमागं ग्लोबल एन्ट्री काढलीच तर एक लक्षात ठेवा. खाण्याचं काही लपवून नेलं आणि सापडलं तर सदस्यत्व जातं, ते सहजी परत मिळत नाही. आमच्या ऑफिसातल्या एकाचं आईनं बॅगेत कोंबलेल्या कढीपत्त्यापायी गेलं. कढीपत्ता तिकडं बंद आहे, लिंबाच्या झाडांची कीड त्यावरनं जाते म्हणून. आंबेही नकोत. जे नेताय ते फॉर्मवर लिहा, विचारलं तर सांगा. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात.

पाटील काकू, बी-३०२ (१०:२१): रोहन, मटणाचं लोणचं चालतं का रे?

रोहन (१०:२२): नाही काकू. मटणाचं काहीच नाही. आंब्याचं लोणचं सांगून न्या.

पाटील काकू (१०:२३): दोन किलोचं घालून झालंय. लेकीनंच मागितलंय.

अमोल (१०:२३): काकू, सी-५०१. मी घरीच आहे.

स्नेहा (१०:२६): आणि कांदा-लसूण चटणी हातातल्या बॅगेत ठेवू नका, तिखटाची पूड आत जाऊ देत नाहीत. मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून, आणि वरनं टेप. गेल्या वर्षी एकांच्या बॅगेत फुटली, जावयाचे सगळे शर्ट लाल.

पाटील काका (१०:३०): ठरलं. आपली फुकटची भरतो, अमेरिकेची पुढच्या खेपेला. स्नेहा पोरी, संध्याकाळी येतेस का जरा? फोटोची साइझ मोठी आहे म्हणून ते पोर्टल घेईना.

स्नेहा (१०:३१): सहाला येते काका. दोघांचे पासपोर्ट काढून ठेवा, आणि पांढऱ्या भिंतीसमोर नवा फोटो घेऊ. मागच्या फोटोत काकूंच्या मागं कॅलेंडर आलं होतं.

सेक्रेटरी (१०:३४): मोटर अजून चालू आहे. पाणी जिन्यात आलंय.