बडोद्याहून दोन दिवसांत छोटं रण: घुडखर, कोल्हे आणि पक्षी कसे जमवावेत?

रावपुरा_टॉवर
जानेवारीतल्या एका शनिवार-रविवारी कच्छच्या छोट्या रणातल्या घुडखर (रानगाढव) अभयारण्यात जायचं ठरतंय. चौघं आहोत, त्यात अडुसष्ट वर्षांची आई आणि दहा वर्षांचा मुलगा. बजाणाकडून आत शिरावं की ध्रांगध्र्याकडून? आपली साधी गाडी रणात चालेल का? येताना नळसरोवर हा पक्ष्यांचा तलाव उरकता येईल का? ३०० एमएमची लेन्स आहे, पुरेल का?

भोवत्या
बजाणा. दोन दिवसच असतील तर फार विचार करू नका. झैनाबाद-दसाड्याकडे राहायची सोय आहे आणि तिथून बजाणाची बाजू जवळ पडते. ओली जमीन, खाडी आणि कोरडं रण हे तिन्ही त्या पट्ट्यात एकाच फेरीत जमतं. ध्रांगध्र्याकडे मिठागरं जास्त. घुडखर तिकडेही भरपूर, पण पक्ष्यांसाठी पहिला नंबर बजाणाचा.

रस्ता: एक्सप्रेसवेनं अहमदाबाद, शहरात न शिरता रिंगरोडनं साणंद, मग विरमगाम, माळवण चौकडी, बजाणा. चार ते साडेचार तास धरा. शनिवारी पहाटे पाचला निघालात तर जेवायच्या आत पोचता आणि दुपारची फेरी हाती लागते. गाडी मुक्कामीच ठेवा. आत स्थानिक जीप आणि स्थानिक वाटाड्या.

सेडान का नको, तर रणाचा वरचा पापुद्रा वाळून कडक दिसतो, पण खाली चिखल तसाच ओला असतो. चाकाखाली पापुद्रा फुटला की गाडी पोटावर बसते, आणि रेस देत राहिलात की आणखी रुतते. कुठली चाकोरी यंदा वाळली आहे हे तिथल्याच माणसाला माहीत. जीप आदल्या आठवड्यात ठरवा, परवान्याचं जीपवाल्यालाच विचारा आणि सगळ्यांची ओळखपत्रं जवळ ठेवा. आणि हो, १६ जून ते १५ ऑक्टोबर अभयारण्य बंद असतं. पावसात रणात पाणी भरतं आणि घुडखरांच्या माद्यांची विण्याची वेळही तीच.

रणगोजा
वरच्याशी सहमत, फक्त एक दुरुस्ती. 'पक्ष्यांसाठी बजाणा' हे त्या वर्षीच्या पाण्यावर आहे. पाऊस उत्तम झाला असेल तर जानेवारीतही पाणी टिकतं आणि रोहित (फ्लेमिंगो), पेलिकन, क्रौंच सगळे सापडतात. पाऊस कमी झाला असेल तर तीच जागा भेगाळलेली असते. बुकिंग करताना 'पक्षी आहेत का' असं विचारू नका, त्याला उत्तर 'आहेत' हेच येणार. 'पाणी कुठवर आहे' असं विचारा.

दोन फेऱ्यांचं काम वेगळं ठेवा. शनिवारी दुपारी तीनला निघून घुडखर आणि मावळतीला क्रौंचांचे थवे. रात्रीच्या मुक्कामाला ते उथळ पाण्यावर उतरतात, आधी आवाज येतो, मग रांगा दिसतात. रविवारी सूर्य सव्वासातच्या पुढे उगवतो, तेव्हा साडेसहाला जीप हललीच पाहिजे. ही फेरी कोल्हे, घुबडं आणि तिलोरसाठी.

तिलोर हा माळढोकाच्या कुळातला हिवाळी पाहुणा. रंग मातीचा, आणि धोका वाटला की झुडपाशेजारी दबून बसतो. चालत्या जीपमधून तो दिसत नाही. इंजिन बंद करून पाच मिनिटं दुर्बिणीनं खुरट्या झुडपांची रांग डावीकडून उजवीकडे सावकाश बघत जायची. आठपट मोठं दाखवणारी ८x४२ची दुर्बीण यासाठी बरी, दहापटीची १०x हलत्या जीपमध्ये थरथरते. दिसला तरी खाली उतरायचं नाही.

नळसरोवर या खेपेला सोडा. ते पहाटे होडीनं बघायचं ठिकाण आहे, रविवारी दुपारी बाराला पोचून ऊन आणि गर्दी एवढंच मिळतं. त्यापेक्षा आधीच्या रविवारी डभोईजवळच्या वढवाणा तलावावर अर्धा दिवस काढा. मुलाचा दुर्बिणीवर हात बसेल आणि पट्टकदंब ही हिवाळी बदकंही (बार-हेडेड गूज) दिसतील.

मीठमाती
फोटोचं मी सांगतो. ३०० एमएम घुडखरांना पुरते, तिलोर आणि कोल्ह्यांना तोकडी पडते. पण लेन्सपेक्षा दोन गोष्टी जास्त घात करतात. पहिली, पांढुरकी जमीन. कॅमेरा तिला बघून प्रकाश कमी करतो आणि जनावर काळवंडतं, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +०.७ ते +१ ठेवा. दुसरी, दहानंतरची झळ. जमीन तापली की हवा लहरते, शंभर मीटरवरचा घुडखर पाण्यातून पाहिल्यासारखा येतो, आणि लोक लेन्सला नावं ठेवतात. त्या वेळी जवळचं टिपा, नाहीतर कॅमेरा मिटा. धूळ मिठाची असते, जीपमध्ये लेन्स बदलू नका.

घुडखरांच्या मागे जीप पळवू देऊ नका. ड्रायव्हर बक्षिसीच्या आशेनं पळवतो, आधीच सांगून ठेवा. घुडखर ताशी ७० किमीपर्यंत पळतो. हाती लागतात ते फक्त पाठमोरे फोटो, आणि शिंगरू कळपापासून तुटतं ते वेगळंच. तिरक्या रेषेत, थांबत थांबत गेलं की कळप चरत राहतो. एकटा उभा असलेला धिप्पाड दिसला तर तो बहुधा आपला इलाखा राखणारा नर. १९६९ साली मोजणीत जेमतेम ३६२ उरले होते, आधीच्या दशकात सर्रा (माश्यांमुळे पसरणारा जनावरांचा रोग) आणि घोड्यांच्या आणखी एका साथीनं फडशा पाडला होता. २०२४च्या गणनेत ७६७२. मुलाला हे दोन आकडे आधीच सांगा, मग कळप मोजायला त्याला मजा येईल.

रावपुरा_टॉवर
छान, नळसरोवर कटाप. आईला उघड्या जीपमध्ये जमेल का? आणि कोल्हा कुठला ते ओळखायचं कसं?

भोवत्या
आईंना ड्रायव्हरशेजारी पुढची सीट मागून घ्या, मागच्या बाकावर कंबर हादरते. पहाटे वारा कापतो: कानटोपी, शाल आणि गुडघ्यांवर चादर. नऊनंतर हे सगळं काढावं लागतं, म्हणून थरावर थर घाला, एकच जाड कोट नको. माणशी दोन लिटर पाणी. आत आडोसा असा नाहीच, त्यामुळे निघण्यापूर्वी सगळ्यांनी जाऊन यायचं. फेरी तीन-चार तासांची असते.

कोल्ह्याच्या शेपटीचं टोक बघा. पांढरं असेल तर वाळवंटी खोकड, काळं असेल तर साधी खोकड. पहाटे तो बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसतो, शेपूट पायांभोवती गुंडाळून, आणि टोक नेमकं लपलेलं. मग कान बघायचे: वाळवंटीच्या कानांची मागची बाजू काळी असते.