‘आलेख’, ‘कड’ आणि पाच कोटींचा घोटाळा

दांडियाबाजारकर: ज्ञानकोशासाठी ग्राफ थिअरीवर नोंद लिहितोय. पहिलं वाक्य आईला वाचून दाखवलं : “आलेख म्हणजे शिरोबिंदूंचा संच व त्यांना जोडणाऱ्या कडांचा संच.” ती म्हणाली, “आलेख चौकटीच्या कागदावर काढतात ना? मग यात क्ष-अक्ष कुठाय?” पुढे “या शिरोबिंदूची कोटी ५” आलं, तर “पाच कोटी कसले?” शब्द बदलू की वाक्य?

सुरसागरी: वाक्य. शाळेत ‘बहुपदीची कोटी’ खपते, कारण बहुपदी समोर लिहिलेली असते. तुमच्या आईसमोर काय आहे? आधी लिहा, ‘या ठिकाणी पाच रेषा येऊन मिळतात’, मग सांगा की या संख्येला कोटी म्हणतात.

जुनाखडू: ‘आलेख’ला बोल लावू नका. ‘ग्राफ’चेही इंग्रजीत हेच दोन अर्थ आहेत. ठिपके आणि जोडण्या या अर्थाने तो शब्द गणितज्ञ सिल्व्हेस्टरने १८७८ साली वापरला, तोही रसायनशास्त्रातल्या रेणूंच्या आकृत्यांवरून. मथळ्यात ‘आलेख’ राहू द्या, लगेच खाली ‘चौकटीच्या कागदावरचा नव्हे’ एवढं घाला.

सुरसागरी: ‘कडा’ मात्र मला खटकतो. वाचला की टकमक टोक दिसतं!

जुनाखडू: तो कडा वेगळा, हे ‘कड’चं अनेकवचन. पाचवी-सहावीत ठोकळ्याच्या कडा आणि शिरोबिंदू मोजले होते ना, शब्द तिथलेच. पण ग्राफमध्ये ठोकळाच नाही, म्हणून वाचक चाचपडतो. सामान्य वाचकासाठी मी ‘जोडरेषा’ लिहीन आणि ‘कड’ एकदाच, ओळख म्हणून.

दांडियाबाजारकर: बरं, हे बघा. “जुन्या बडोद्यात मांडवीपासून चार रस्ते चार दरवाजांना जातात : लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर, गेंडीगेट. पाच ठिपके काढा, चार जोडरेषा ओढा. झाला आलेख. रस्ते किती लांब, किती वाकडे, याला इथे महत्त्व नाही. कोण कोणाला जोडलंय एवढंच बघायचं. मांडवीची कोटी चार, प्रत्येक दरवाजाची एक.” पुढे गणितज्ञ ऑयलरचे कोनिग्सबर्ग शहरातले सात पूल, १७३६ : प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे पूल फिरता येतील का?

सुरसागरी: वा! आणि दोन्हीकडे गोची एकच. तिथल्या चार भूभागांना ५, ३, ३, ३ पूल, सगळे विषम. आपले चारही दरवाजे विषम. विषम ठिकाणं दोनपेक्षा जास्त असली की प्रत्येक जोडरेषा एकदाच चालून फेरी पुरी होत नाही. हे नोंदीत घ्याच, नाहीतर ‘कोटी’ कशाला शिकवली असं वाटेल.

दांडियाबाजारकर: घेतलं. आईला पुन्हा वाचून दाखवलं. तिचा प्रश्न : “गेंडीगेटहून पाणीगेटला आतल्या गल्ल्यांतूनही जाता येतं, ती रेषा कुठाय?”

जुनाखडू: ओढा की! त्या दोन दरवाजांची कोटी दोन झाली, विषम उरले दोनच. आता चांपानेरहून निघा : मांडवी, गेंडीगेट, गल्लीतून पाणीगेट, परत मांडवी, लहरीपुरा. एकही रस्ता दोनदा नाही.